चौदाशे अंडी

"अंडी मोजून बोलू नको, बाय. कोंबडी ऐकते."

गुलबानूने हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा रतन चांगली तोंडभर हसली होती. तिच्या मांडीवर दहा महिन्यांचं बाळ होतं, पुढ्यात भाताच्या तुसाने भरलेली टोपली होती, आणि गुलबानू त्या तुसात हात घालून जोडीजोडीने अंडी काढून सुपात ठेवत होती. रतन सवयीने "चार... सहा... आठ..." म्हणत होती, तर गुलबानूने तिचं मनगटच धरलं.

"मग किती झाली ते मला कळायचं कसं?"

"नजर हाय ना तुला? नजरेनं घे. तोंडानं नको."

"आणि तू दोन कमी दिलीस तर?"

"तर दुसऱ्या खेपेला भांडून घे. मी कुठं पळून जातेय?" असं म्हणून तिने शेवटी आणखी एक अंडं वर ठेवलं, न मागता. "हे बाळाचं."

श्रीवर्धनपासून कोसभरावरच्या त्या गावात सगळ्याच बायका अशी अंडी विकत. मुसलमानवाडीतल्या असोत की कुणब्यांच्या, रीत एकच. भाव सगळ्यांना ठाऊक, आण्याला चार. पण आकडा कोणी उच्चारायचा नाही. टोपलीवर फडकं, फडक्याखाली तूस, तुसात अंडी. घेणारीने पदर पसरायचा, देणारीने जोड्या टाकायच्या आणि दोघींनी दुसरंच काहीतरी बोलत राहायचं. रतन मुंबईच्या कॉलेजात चार वर्षं काढून आलेली. ही असली समजूत ऐकली की तिला त्या बायकांची कीव येई, आणि थोडी गंमतही वाटे.

तिचा नवरा संस्थानच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर होता. रस्ते आणि मोऱ्या बघत तो महिन्यातले वीस दिवस फिरतीवर असायचा. घरात ती, बाळ, आणि दळण-पाण्याला येणारी मनुबाई. बाळ जन्मापासून अशक्त. पाय काटकुळे, वर्ष उलटलं तरी उभं राहीना. मुंबईच्या डॉक्टरने रोज एक अर्धकच्चं अंडं सांगितलं होतं, तेव्हापासून रतनच्या दिवसाची सुरुवात अंड्याने व्हायची. प्रत्येक अंडं पाण्यात सोडून बघायचं, बुडतंय की तरंगतंय. मग उन्हाशी धरून बघायचं, आत डाग आहे का. बाळाचं वजन, बाळाचं शौच, बाळाची झोप, सगळं एका वहीत टिपलेलं. नवरा चेष्टेने म्हणायचा, "आमच्या खात्यात सुद्धा एवढी मोजणी नसते." ती हसून सोडून द्यायची. पण पहाटे जाग आली की पहिला हात बाळाच्या नाकाशी जायचा, श्वास लागतोय ना ते बघायला. भिणाऱ्या माणसाला मोजल्याशिवाय चैन पडत नाही.

गुलबानूचं अंगण रतनच्या ओटीवरून सरळ दिसे. मधे फक्त दोन पोफळी आणि कुंपणाची एक मोडकी वई. बाळाला मांडीवर घेऊन बसलं की नजर तिकडेच जाई. सकाळी टोपली किती भरून निघाली, बंदरावरच्या बोटवाल्याने किती घेतली, संध्याकाळी तळाला किती उरली. आधी नुसतं बघणं होतं. मग तेही वहीत जायला लागलं, बाळाच्या वजनाच्या मागच्या पानावर.

गुलबानूचा नवरा नुरुद्दीन जहाजावर खलाशी. वर्ष-दीड वर्षाने महिनाभर घरी यायचा. घरात गुलबानू आणि नऊ वर्षांची हुस्नबानू. हुस्नाला दोन वर्षांची असताना गोवर आला आणि डाव्या डोळ्यात फूल पडलं. चुन्याच्या ठिपक्यासारखं पांढरं. आता उजवा डोळाही गढुळायला लागला होता. पोर शिंपल्या गोळा करायला जायची ती पायाने चाचपत.

रतनला ते बघवत नसे. "गुलबानू, हिला मुंबईला ने. मोठ्या दवाखान्यात दाखव. उजवा गेला तर मग काही उरणार नाही."

"नेईन."

"कधी? हे नेईन नेईन करत पोर आंधळी होईल."

"वेळ आली की नेईन, बाय," गुलबानू टोपलीवरचं फडकं नीट करत म्हणायची, आणि विषय तिथेच मिटायचा.

काय ही आई, असं रतनच्या मनात येई. आपण एका अंड्यावरच्या डागासाठी दहा वेळा उन्हात जातो, आणि ही पोटच्या पोरीच्या डोळ्याबद्दल इतकी थंड. मनुबाईकडे तिने हे बोलूनही दाखवलं. मनुबाई जात्याचा खुंटा ठोकत होती. ती नुसतं म्हणाली, "कुणाच्या पोटात काय हाय, आपल्याला काय ठावं, बाई."

एकतीस सालच्या दिवाळीच्या सुमाराला नुरुद्दीन घरी आला तो परत गेलाच नाही. जगभर मंदी, जहाजं गोद्यांत पडून, निम्म्या खलाशांना उतरवलेलं. सुरुवातीला तो मजेत होता. रोज पान खाऊन रतनच्या ओटीखाली यायचा, "काय वैनी, बाळ काय म्हणतंय?" करत पायरीवर बसायचा. गोष्ट सांगण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. बाळाला अंडं भरवताना बघून एकदा म्हणाला, "वैनी, हेच अंडं लंडनला असतं तर तुम्ही जपून खाल्लं असतंत. तिथं अंड्यावर शिक्का मारतात, आपल्या टपालावर मारतात तसा."

"शिक्का? अंड्यावर?"

"अल्ला कसम. डेन्मार्कचं असलं तर डेन्मार्कचा शिक्का. तिथं म्हणे कुठल्या वाडीचं अंडं तेही नंबरावरनं कळतं. नासकं निघालं की सरळ त्या शेतकऱ्याच्या दाराशी. आणि तिथल्या गावचं ताजं पाहिजे तर डझनाला दीड शिलिंग."

"म्हणजे रुपया! डझनाला?"

"रुपया. आपल्याकडे तीन आण्यात येतं ते."

रतनचे डोळे चमकले. तिने वही मागवली. पुढचे पंधरा-वीस दिवस रोज दुपारी हेच चाललं. हांबुर्गात अंडी डझनाने नाही, पंधराच्या हिशोबाने मागतात. कोबे बंदरात गवताच्या पेंढीत एकेक अंडं गाठ मारून गुंफतात, अख्खी माळ खांद्यावरून न्यायची, एक फुटत नाही. मोंबासात उकडलेलं अंडं चिरून आत मीठ-मिरची भरून देतात, उभ्याउभ्या खायचं. चिनी लोक चुना, राख आणि माती लावून अंडी महिनोन्महिने पुरतात, ती आतून काळी होतात, आणि मग तीच मेजवानीला वाढतात.

"आपण नाक धरून फेकू, वैनी, ते तिथं नवरदेवाच्या पानात."

"आणि मनिलाचं सांगा ना, काल अर्धं राहिलं."

"तोबा. ते बाळासमोर नको." मग आवाज उतरवून, "आत पिल्लू असतं. चोचीसकट. उकडून, मीठ लावून खातात."

वईपलीकडून गुलबानूचा आवाज आला, "सगळ्या दुनियेची अंडी खाऊन आलाय, नि घरचं दिलं की म्हणतो वास येतो!"

नुरुद्दीन हसला. "घरचं मिळतंय कुठं? सगळं टोपलीतनं बंदरावर जातंय. किती निघतात गं दिवसाला?"

"कोंबड्यांना विचार," गुलबानू म्हणाली आणि आत गेली.

रतनने तेही टिपून घेतलं. समजूत किती खोल गेली आहे बघा, नवऱ्यालासुद्धा आकडा सांगत नाही.

शिमग्यापर्यंत नुरुद्दीनच्या पानाचा रंग उतरला. मुंबईला दोनदा जाऊन आला, जहाज मिळेना. जहाजावर माणसं भरणारा दलाल शंभर रुपये मागत होता, आधी शंभर, मग नाव लागणार. नुरुद्दीन गावात उसने मागत फिरायला लागला. शेजारच्या करमअलीचं धान्याचं दुकान होतं, त्याच्याकडून तांदूळ उधारीवर यायचे. रतनच्या ओटीखालचं त्याचं येणं कमी झालं. आला तरी पायरीवर न बसता उभाच राहायचा. ती मात्र लिहीत होती.

लेख मुंबईच्या एका स्त्रियांच्या मासिकाकडे गेला आणि आषाढात छापून आला. 'देशोदेशींची अंडी व त्यांचे भाव'. पाच रुपये मानधन. रतनने ते पाच रुपये पेटीत, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवले आणि नवऱ्याला सांगितलं नाही. का सांगितलं नाही ते तिचं तिलाही नीट कळलं नाही. मागून काही तो घेणार नव्हता. पण असे पाच रुपये पूर्वी कधी तिच्याकडे नव्हते.

श्रावणात पावसाने चार दिवस उसंत घेतली. नुरुद्दीनने स्वतः येऊन आर्जव केलं, "वैनी, आमच्या अंगणात वाचून दाखवा. लोकांना कळू दे नुरुद्दीनची बात मुंबईत छापली." बिचाऱ्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता. रतनने बाळाला कडेवर घेतलं आणि गेली. करमअली होता, वाडीतली आणखी चार-पाच माणसं होती. बायका दाराआड होत्या. गुलबानू उंबऱ्यावर बसून हुस्नाच्या डोक्याला तेल घालत होती.

लंडनचा शिक्का ऐकून लोकांनी माना डोलावल्या. कोबेची माळ ऐकून कोणीतरी "वा!" म्हटलं. मनिला रतनने गाळलं होतं, ते नुरुद्दीनने मधेच सांगून टाकलं, आणि बायकांमधून "ईऽऽ" असा आवाज उठला. सगळे हसले. रतनलाही हसू आलं. मग शेवटचा भाग आला, तो तिला स्वतःला सगळ्यांत आवडलेला. तिने आवाज जरा चढवला.

"'आमच्या या किनाऱ्यावर मात्र अंडी मोठ्याने मोजली तर कोंबडी ऐकते व अंडी देणे बंद करते अशी भोळी समजूत आहे. प्रस्तुत लेखिकेने आपल्या एका शेजारणीची अंडी वर्षभर गुपचूप मोजली. कोंबड्या काही रुसल्या नाहीत! वीस कोंबड्यांची वर्षाची चौदाशे अंडी झाली. आण्याला चार या भावाने बावीस रुपये; ती सात वर्षे विकते आहे, म्हणजे दीडशे. हीच अंडी लंडनच्या बाजारी गेली असती, तर सात वर्षांत आठशे रुपयांहून अधिक झाले असते. आमच्या भगिनी मोजायला शिकतील तेव्हाच...'"

पुढचं कोणी ऐकलं नाही. करमअली मोठ्याने हसला होता.

"अरे नुरुद्दीन! तुझ्या घरात दीडशे रुपये निजलेत, नि तू माझ्याकडं पायलीभर तांदळाला हात पसरतोस? लाज वाटू दे की!"

पुन्हा हशा झाला. नुरुद्दीन हसला नाही. त्याने बायकोकडे बघितलं. गुलबानूची बोटं हुस्नाच्या केसांत तशीच थांबली होती. तिने नवऱ्याकडे बघितलं नाही, करमअलीकडे नाही. ती रतनकडे बघत होती. रागाने नव्हे. पायवाटेवर आपल्या पुढ्यात एकदम जनावर निघावं तसं.

रतनच्या हातातलं मासिक खाली आलं. काय झालं ते तिला अजून कळलं नव्हतं, पण काहीतरी झालं होतं एवढं कळलं. बाळ रडायला लागलं, आणि बाळाचं निमित्त करून ती उठली.

दिवस मावळायच्या आत तिला ओटीवरून सगळं ऐकू आलं. आरडाओरडा फारसा नव्हता. भांडी सरकल्याचा आवाज आला, मग तुसाचा रांजण अंगणात आडवा झाला. तूस वाऱ्याने पोफळींपर्यंत उडालं. आणि मग नुरुद्दीनचा आवाज, एका सुरात, मोठ्याने. तो मोजत होता. "एकशे चाळीस. एकशे एक्केचाळीस. एकशे बेचाळीस. एकशे त्रेचाळीस."

मनुबाई रतनच्या मागे येऊन उभी राहिली होती.

"बाई, हे काय केलंत?"

"मी काय केलं? मी नावसुद्धा घातलं नव्हतं लेखात. आणि पैसे त्यांचेच ना, त्यांच्याच घरात गेले..."

"अंड्याचा पैसा बाईचा असतो. आमच्यात बी तसंच हाय. घरधनी मागत न्हाय, कारण घरधन्याला ठावंच नसतं किती ते."

"पण ती तर म्हणायची कोंबडी ऐकते!"

मनुबाईने कपाळाला हात लावला. "कोंबडीला कुठलं आलंय ऐकायला? इतकी बुकं वाचलीत, बाई. ऐकतो तो नवरा. दीर ऐकतो. सासरा ऐकतो. म्हणून मोजायचं न्हाय."

रतन ओटीवर बसली. तिला एकेक आठवायला लागलं. टोपलीवरचं फडकं. 'नजरेनं घे, तोंडानं नको.' दोघींनी दुसरंच काहीतरी बोलत राहायचं. गावातल्या शंभर बायकांनी, ज्यांना लिहिता येत नव्हतं, एका कोंबडीच्या नावाखाली आपला पैसा झाकून ठेवला होता, कोण जाणे किती पिढ्या. आणि तिने तो छापला होता. वर 'भोळी समजूत' असं लिहून.

"कशासाठी ठेवले होते तिने?" तिने विचारलं, आणि विचारता विचारताच तिला कळलं.

"पोरीच्या डोळ्यासाठी," मनुबाई म्हणाली. "नारळी पुनवेला बोटी सुटल्या की जायची होती ती. सात वरसं जमवत होती. तुम्हीच तिला रोज टोचायचात की, कधी नेतेस, कधी नेतेस."

दुसऱ्या दिवशी सकाळी नुरुद्दीन ओटीखाली आला. अंगात जाण्यायेण्याचा कोट, बगलेत वळकटी. रतनला वाटलं आता बोल लावील. त्याने चक्क हात जोडले.

"वैनी, तुमचे लई उपकार झाले. नऊ महिने मी कुत्र्यासारखा फिरलो. करमअलीच्या दुकानात मान खाली घालून उभा राहिलो. आणि बायको रोज रात्री जेवायला वाढत होती नि काही बोलत न्हवती. तुम्ही लिहिलं न्हसतं तर मला कळलं न्हसतं."

"नुरुभाई, ते पैसे हुस्नाच्या डोळ्यासाठी आहेत."

"तिनं सांगितलं मला. मी काय बाप न्हाय? शंभर दलालाला, उरलेले वाटखर्चाला नि मुंबईत नाव लागेपर्यंत पोटाला. जहाजावर चढलो की पहिल्या पगारात डोळा. तुम्हीच हिशोब करून बघा, वैनी. दीडशे रुपये एकदा खर्चून बसायचं, की दीडशेत नोकरी धरून जन्मभर कमवायचं? चुकतोय का मी?"

हिशोबात तो चुकत नव्हता. तेच तर वाईट होतं.

"उजवा डोळा तोवर थांबेल का?" रतन एवढंच म्हणाली.

त्याचा चेहरा क्षणभर उतरला. "अल्लाची मर्जी," म्हणाला, आणि माणगावच्या वाटेला लागला. पावसामुळे मुंबईच्या बोटी अजून बंद होत्या.

रतनने चार दिवस वाट बघितली, नवरा फिरतीवरून येईपर्यंत. मग त्याच्याकडे शंभर रुपये मागितले. तो बूट काढत होता. "शंभर? यंदा पगारात कपात झालीय, ठाऊक आहे ना तुला? आणि तू त्यांच्या घरच्या भानगडीत कशाला पडतेस? नवरा-बायकोचा पैसा, तो त्यांचा प्रश्न." मग हसत म्हणाला, "त्या लेखाचं मानधन नाही का आलं काही?"

"नाही," रतन म्हणाली. "नवशिक्यांना देत नाहीत."

पाचव्या दिवशी ती शालूच्या घडीतले पाच रुपये मुठीत घेऊन वई ओलांडून गेली. गुलबानू अंगणात कोंबड्यांना कणी टाकत होती. रांजण पुन्हा उभा केला होता, रिकामा. हुस्ना भिंतीला पाठ टेकून बसली होती. आवाजाच्या दिशेने तिने मान वळवली, पण नजर रतनच्या खांद्याच्या बाजूने गेली.

"गुलबानू, मला ठाऊक नव्हतं गं. खरंच नव्हतं."

"तुला कसं ठावं असणार? मी सांगितलं न्हवतं का तुला? पहिल्याच दिवशी सांगितलं."

"तू कोंबडी म्हणाली होतीस..."

"मग काय म्हणायला हवं होतं? नवरा ऐकतो म्हणून? तू सायबीण, तुझ्या घरी तो रोज गप्पा मारायला बसतो. तुला सांगू?"

रतनने मूठ पुढे केली. गुलबानूने त्या नोटेकडे बघितलं.

"हे किती?"

"पाच."

"मोजलेस का नीट? घरी ने. बाळाला अंडी आण. दुसरीकडनं आण, माझ्याकडं आता न्हाय मिळायची."

रतनच्या हातात दोन पाटल्या होत्या, आईने दिलेल्या, तिच्या स्वतःच्या. तिथे उभी असताना तिला त्या जड लागल्या. एक काढून दिली असती तरी मुंबईचे दोन महिने निघाले असते. नवऱ्याला काय सांगायचं, सासूने विचारलं तर काय, बाळाचं पुढे काही दुखलंखुपलं तर हाताशी काय राहील. हे सगळं तिने तिथे उभ्याउभ्या मनात करून बघितलं, आणि पाटली हातातच राहिली. ती घरी आली. बाळ ओटीच्या खांबाला धरून उभं होतं. पाय चांगले जाड झाले होते. दीड वर्ष रोज एक, कधी डाग नाही, कधी तरंगलेलं नाही.

नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या बोटीला गुलबानूने वीसच्या वीस कोंबड्या पायाला सुतळी बांधून बंदरावर नेल्या. एकगठ्ठा विकल्या, मिळेल त्या भावाने. त्यातल्या पैशात दोन तिकिटं झाली आणि वर थोडं उरलं. मनुबाई तिला पोचवायला गेली होती. तिने येऊन सांगितलं की गुलबानू म्हणाली, मुंबईत भेंडीबाजाराच्या बाजूला नात्यातलं कोणी आहे, तिथे राहीन, फिरून अंडी विकीन, आणि जमेल तेव्हा दवाखान्यात नेईन. बोटीत चढताना हुस्नाला शिडीच्या पायऱ्या सांगाव्या लागल्या. एक, दोन, तीन.

मार्गशीर्षात नुरुद्दीनचं कार्ड आलं, करमअलीच्या पत्त्यावर. जहाज मिळालं आहे. दलालाचे शंभर नुसते नाव लावायचे होते, नोकरीचे वेगळे, म्हणून पहिल्या सहा महिन्यांचा निम्मा पगार त्याच्याकडेच कापला जाईल. हुस्नाच्या डोळ्याचं पुढच्या खेपेला बघू. गुलबानूला सलाम सांगा. गुलबानू घरात नाही हे त्याला कोणी कळवलं नव्हतं, आणि कळवायचं कुठे ते कोणाला ठाऊक नव्हतं.

रतनने तीन पत्रं लिहिली. भेंडीबाजारातल्या मशिदीचा कारभार बघणाऱ्या मुतवल्लींना एक, दोन दवाखान्यांना दोन. एकाचंच उत्तर आलं, आणि त्यात एवढंच होतं की अशा नावाच्या पुष्कळ बायका येतात. बाळाला ती आता कुणबीवाडीतून आणलेली अंडी देते. घेताना ती मोजत नाही. मनुबाई म्हणते त्या बायका तिला बघून टोपलीवरचं फडकं आणखी खाली ओढतात.

माघात मासिकाच्या संपादकांचं पत्र आलं. अंड्यांवरचा लेख भगिनींना फार आवडला, आता असाच दुधावर हवा. निरनिराळ्या देशांत दुधाचा भाव काय, विकायची पद्धत काय. रतनने दुधावर लिहिलं नाही. तिने दोन दिवस बसून हे एवढं लिहिलं आणि पाठवलं. लेख म्हणून नका छापू, पण जागा असेल तिथे छापा, असं वर लिहून.

"भगिनींनो, गेल्या आषाढाच्या अंकात मी अंड्यांवर लिहिलं होतं. त्यातले आकडे बरोबर होते. त्या आकड्यांनी एका बाईचे सात वर्षांचे पैसे आणि तिच्या मुलीच्या डोळ्याचा इलाज गेला. ही चूक माझी, इतर कोणाची नाही. तुमच्यापैकी पुष्कळजणी गिरगाव, डोंगरी, भायखळा या भागांत राहता. तुमच्या दारावरून अंडी विकणारी एक बाई जात असेल. तिशीची, उंच, सावळी, कोकणी बोलणारी. तिच्या कमरेला धरून चालणारी एक नऊ-दहा वर्षांची मुलगी असेल, डाव्या डोळ्यात पांढरं फूल. आई नाव सांगणार नाही, माझं नाव काढलं तर निघूनच जाईल. तेव्हा तिला थांबवू नका, पैसे देऊ करू नका, काही विचारू नका. फक्त मुलीला नाव विचारा. हुस्नबानू म्हणाली, तर आईचं लक्ष दुसरीकडे असताना त्या मुलीसमोर तुमचा हात एकदा इकडून तिकडे हलवून बघा. तिची नजर त्याच्यामागे जाते का, एवढं बघा. आणि जे दिसेल ते मला कळवा."